डोळ्याचा दाब ठीक, मग नजर का गेली?

आमच्या नात्यातले एक मामू नागपुरात मोमिनपुऱ्यात राहतात. वय साठीच्या पुढे, पाच वक्तांचे नमाजी, तब्येत तशी ठणठणीत. बीपीची गोळी तेवढी चालू होती. गेल्या वर्षी त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला वरचेवर आपटू लागला. मशिदीची पायरी चुकू लागली. घरच्यांना वाटले, वय झाले. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर बदलून आणला, तरी फरक पडला नाही. अखेर नेत्रतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेली होती.

नवल म्हणजे त्यांच्या डोळ्यातला दाब १६ होता. साधारणपणे १० ते २१ हा ठीक समजला जातो. मग डॉक्टरांनी एक वेगळाच प्रश्न विचारला, "चाचा, बीपीची गोळी केव्हा घेता?" मामू म्हणाले, "इशाच्या नमाजनंतर, झोपताना."

घरी आल्यावर मामी आम्हाला म्हणाल्या, "डोळ्याच्या डॉक्टरांना बीपीशी काय मतलब?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला जे समजले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा

आपल्या घरांतून काचबिंदूला 'काला मोतिया' म्हणतात आणि नावामुळे घोटाळा होतो. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. शस्त्रक्रिया करून नवे भिंग बसवले की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. या नसेत दहा लाखांहून अधिक बारीक तंतू असतात. एकदा मेलेला तंतू परत जिवंत होत नाही. म्हणून काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र वाचवता येते.

हा आजार बहुधा दुखत नाही. आधी बाजूचे दिसणे कमी होते, समोरचे शेवटपर्यंत नीट दिसते. त्यामुळे माणूस कुरआन वाचतो, वर्तमानपत्र वाचतो आणि आपले सगळे ठीक आहे असे समजतो. आपल्या देशात झालेल्या मोठ्या पाहण्यांत, काचबिंदू असलेल्या दर दहा माणसांपैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हते.

कूलरची नळी आणि डोळ्याची नस

डोळ्याच्या आत सतत एक स्वच्छ पाणी तयार होते आणि बारीक जाळीतून निचरा होऊन बाहेर जाते. निचरा अडला की डोळ्यातला दाब वाढतो आणि नसेवर ताण येतो. आजवर काचबिंदू म्हणजे वाढलेला दाब, एवढेच आपण ऐकत आलो. पण नसेला जगायला रक्तही लागते. डोळ्याच्या मागून शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या नसेच्या मुळाशी रक्त पोहोचवतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात आपण रबरी नळीने कूलरमध्ये पाणी भरतो. नळाला जोर असेल तर नळीवर पोराचा पाय पडला तरी पाणी येत राहते. नळाचा जोर कमी असेल तर तोच हलका पाय पाणी बंद करतो. डोळ्याचे तसेच आहे. रक्तदाब म्हणजे नळाचा जोर आणि डोळ्यातला दाब म्हणजे नळीवरचा पाय. नसेला किती रक्त मिळेल, हे दोघांच्या फरकावर ठरते.

बीपीचा खालचा आकडा ८० आणि डोळ्याचा दाब २० असेल तर फरक ६० राहतो. खालचा आकडा ४८ वर घसरला तर दाब तोच असूनही फरक २८ उरतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या पाहणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा हा फरक ३० पेक्षा कमी होता, त्यांच्यात काचबिंदूचे प्रमाण सुमारे सहापट आढळले.

निरोगी शरीर रक्तवाहिन्या सैल-घट्ट करून हा चढउतार सांभाळून घेते. काहींची ही ताकद कमी पडते. ज्यांचे हातपाय नेहमी गार पडतात किंवा ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांच्यात दाब ठीक असूनही होणारा काचबिंदू अधिक दिसतो, असे डॉक्टर सांगतात. जपानच्या ताजिमी शहरातील पाहणीत तर नेहमीच्या प्रकारच्या काचबिंदूच्या दहापैकी नऊ रुग्णांचा दाब २१ किंवा त्याहून कमी निघाला.

रात्री काय घडते

झोपेत सर्वांचाच रक्तदाब थोडा उतरतो. पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. सोहनसिंग हायरे यांनी डोळ्याच्या नसेच्या रक्तपुरवठ्यावर आयुष्यभर संशोधन केले. काही रुग्णांचा रक्तदाब रात्री फार खाली जातो आणि त्यामुळे नसेला धोका होऊ शकतो, याकडे त्यांनी १९९४ मध्ये लक्ष वेधले. झोपताना बीपीची गोळी घेतली तर ही घसरण आणखी वाढू शकते. मामूंना तो प्रश्न यासाठीच विचारला होता. त्यांच्या दंडाला २४ तास बीपी मोजणारे यंत्र बांधले, तेव्हा पहाटेचे आकडे फार खाली आढळले. बीपीच्या डॉक्टरांनी गोळीची वेळ सकाळची केली आणि डोळ्यात थेंब सुरू झाले.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. हे वाचून कोणीही स्वतःहून बीपीची गोळी बंद करू नये किंवा तिची वेळ बदलू नये. वाढलेले बीपी मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांना घातक असते. काहींना रात्रीची गोळीच योग्य असते. आपण एवढेच करायचे की डोळ्याच्या डॉक्टरांना सर्व गोळ्या दाखवायच्या आणि बीपीच्या डॉक्टरांना काचबिंदूचे सांगायचे.

रक्तपुरवठा कमी झाल्याने नस सुकते, की नस सुकल्याने रक्ताची गरज कमी होते, यावर तज्ज्ञांत अजून चर्चा आहे. मात्र डोळ्यातला दाब उतरवला की आजाराची चाल मंदावते, हे सिद्ध झाले आहे. दाब ठीक असलेल्या काचबिंदूवरचा एक मोठा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दाब आणखी ३० टक्के उतरवलेल्या गटात १२ टक्के रुग्णांचा आजार वाढला, उपचार न केलेल्या गटात ३५ टक्क्यांचा. म्हणून थेंब हाच पाया आहे. सुरमा, मध, गुलाबपाणी किंवा 'रक्त वाढवणारी' पुडी यांनी काचबिंदू बरा होत नाही. काही सुरम्यांत तर शिसे असते.

आपल्या नागपूरची पाहणी

या विषयात नागपूरचे नाव जगभर घेतले जाते. येथील सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे प्रा. योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत ३० वर्षांवरील ४,७११ ग्रामस्थांची तपासणी केली. केवळ डोळेच नव्हे, रक्तदाब, उंची, वजन हेही मोजले. डोळ्यातला दाब एकटा न पाहता नसेच्या मागच्या बाजूला मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब किती असेल, याचाही विचार या माहितीवरून पुढे झाला. डोळा शरीरापासून सुटा नाही, हे आपल्याच खेड्यांतल्या माणसांनी जगाला शिकवले.

हा विचार आपल्या वारशातही आहे. तेराव्या शतकातील इब्न अन-नफीस यांनी हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताचा मार्ग सांगितला. नेत्रविकारांवरचा मोठा ग्रंथही त्यांच्या नावावर आहे.

रमजान, रोजा आणि थेंब

रमजानमध्ये कित्येक बुजुर्ग थेंब टाकणे सोडून देतात. रोजा तुटेल ही भीती असते. हनफी आणि शाफिई दोन्ही मतांनुसार डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही १९९७ मध्ये हेच सांगितले. घशात उतरलेले औषध गिळू नये, एवढी काळजी घ्यायची. तरीही मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे, आणि डॉक्टरांकडून थेंबांच्या वेळा इफ्तार आणि सहरीला जुळवून घ्याव्यात. महिनाभर थेंब बंद ठेवण्याची मात्र गरज नाही.

थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबावा. औषध घशात कमी उतरते आणि डोळ्यात जास्त राहते. काही थेंबांनी नाडी मंदावते, दम्याचा त्रास वाढतो. दमा असल्यास आधीच सांगावे.

सहरीच्या शेवटच्या मिनिटांत एका दमात लिटरभर पाणी पिऊ नये, त्याने डोळ्याचा दाब काही वेळ वाढतो. इफ्तारपासून थोडे थोडे प्यावे. सजद्यात डोके खाली गेले की दाब थोडा वाढतो आणि उठल्यावर उतरतो. तेवढ्यासाठी कोणी सजदा सोडू नये. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी वाकण्यास मना केले, तर इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत शरीअतने दिलेलीच आहे.

घरात कोणी तपासून घ्यावे

आईवडील किंवा भाऊबहीण यांना काचबिंदू असेल तर इतरांना धोका कित्येक पटींनी वाढतो. चाळिशीनंतर प्रत्येकाने, आणि मधुमेह असलेल्यांनी तर जरूर, डोळ्याची पूर्ण तपासणी करावी. केवळ दाब मोजून थांबू नये. नसेची पाहणी करून घ्यावी आणि शंका असल्यास नजरेचे क्षेत्र मोजावे. मेयो आणि मेडिकल या दोन्ही सरकारी रुग्णालयांत नेत्रविभाग आहे. डोळा अचानक लाल होऊन जोरात दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

मामूंनी गमावलेली नजर परत आली नाही. उरलेली शाबूत आहे, अलहम्दुलिल्लाह. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांच्या तिन्ही मुलांनी तपासणी केली. थोरल्याच्या एका डोळ्यात सुरुवात निघाली. त्याला काहीही त्रास नव्हता. आता बापलेक रोज रात्री सोबतच थेंब टाकतात आणि मामी घड्याळ पाहून दोन मिनिटे मोजतात.