हुजुरांच्या हुकमाने मिळालेले स्वातंत्र्य

संस्थानी राजघराण्यातील मुलीचे वयात येणे ही तिची खासगी बाब कधीच नसे. तिचे लग्न दरबारी दप्तरात नोंदले जाई, तिच्या पडद्याची चर्चा पेठापेठांतून चाले, आणि तिने काय शिकावे याचा निर्णय तिच्याखेरीज बाकी सर्वांनी करून ठेवलेला असे. कोल्हापूरच्या इंदुमती राणीसाहेबांची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

सासवडच्या जगताप घराण्यातील ही मुलगी १९१७ च्या जूनमध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, राजर्षी शाहू छत्रपतींचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांची पत्नी झाली. आणि पुरते वर्ष उलटते न उलटते तोच, १९१८ च्या जूनमध्ये, रानडुकराच्या शिकारीत राजपुत्राचा अपघाती अंत होऊन ती विधवा झाली. ज्या संस्थानाने १९१७ सालीच विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता दिली होती, त्याच्या खुद्द राजवाड्यातील या बालविधवेच्या वाट्याला पुनर्विवाह आला नाही. आले ते शिक्षण. राजवाड्यातील सोवळ्याओवळ्याच्या, रीतिरिवाजांच्या दडपणाखाली तिचे शिकणे होणार नाही हे ओळखून महाराजांनी तिला शहराबाहेर सोनतळीच्या मुक्कामी ठेवले, आणि तेथे पुस्तकी अभ्यासाबरोबर घोडेस्वारीचीही तालीम देवविली. ज्या घोड्यावरच्या शिकारीत पती गेला, त्याच विद्येचे धडे त्याच्या विधवेने घ्यावेत, हे त्या काळच्या कोल्हापुरास पचनी पडणे सोपे नव्हते.

तरी हे स्वातंत्र्य हुकमाने मिळालेले होते, हे नजरेआड करता येत नाही. सासऱ्यांचे औदार्य निःसंशय मोठे. पण या मुलीला स्वतःला काय हवे होते, हे विचारण्याची रीत त्या दरबारात नव्हती, आणि खरे सांगायचे तर आपल्याही घरांत ती फारशी रुळलेली नाही. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले तेव्हा राणीसाहेब पंधरा वर्षांच्या होत्या. छत्र हरपल्यावर तो शिक्षणाचा वसा पुढे चालविणे ही त्यांची स्वतःची निवड, आणि माझ्या मते त्यांचे प्रौढत्व तेथून सुरू होते.

त्याच घरातील महाराजांच्या कन्या राधाबाई आक्कासाहेब यांची वाट निराळी. देवासचे तुकोजीराव पवार यांच्याशी झालेला संसार विस्कटल्यावर त्या माहेरी परतल्या. पुढे १९५३ साली ई. एम. फॉर्स्टर याने देवासवर ग्रंथ लिहिला. तो तुकोजीरावांचा मित्र आणि एके काळचा खासगी कारभारी, तेव्हा इंग्रजी वाचकांपुढे या बिघाडाची कैफियत आली ती पतीच्या पक्षाची.

इंदुमती राणीसाहेबांनी पुढे कोल्हापुरात स्त्रियांसाठी ‘ललिता विहार’ ही संस्था काढली. १९७१ साली त्यांचे निधन झाले. कोल्हापुरात त्यांचे नाव निघाले की बोलणारा अजूनही बहुधा सासऱ्यांपासूनच सुरुवात करतो.