जोडलेल्या मणक्याचा शेजारी
मानेच्या फ्यूजन शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारे चकतीचे नवे विकार आणि वैद्याचे कर्तव्य

मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे लोटलेला रुग्ण आयुर्वेदीय चिकित्सालयात येणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. हातात क्ष-किरण चित्रांची आणि एमआरआयची जाडजूड पिशवी असते आणि मुखी एकच प्रश्न असतो : "एवढे मोठे ऑपरेशन केले, दोन-चार वर्षे बरी गेली, मग दुखणे परत का आले?" या प्रश्नाचे घाईने दिलेले उत्तर रुग्णाचे नुकसान करू शकते. "ऑपरेशन फसले" असे म्हणणे जितके अन्यायाचे, तितकेच "हा वाताचा जुना विकार आहे, तेल लावा, बरे वाटेल" असे म्हणून त्याची बोळवण करणेही धोक्याचे. पुष्कळदा जुने दुखणे परत आलेले नसते. जोडलेल्या मणक्यांच्या लगतच्या चकतीत नवा विकार उत्पन्न झालेला असतो. त्याची ओळख, त्यातील धोक्याची चिन्हे आणि आपल्या चिकित्सेच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते

ग्रीवेत सात मणके आहेत. पहिल्या दोहोंमध्ये चकती नाही. मान डावी-उजवीकडे वळविण्याच्या क्रियेचा जवळजवळ निम्मा भाग या वरच्या सांध्यातच होतो. मान पुढे-मागे वाकविण्याचा भार मात्र मुख्यतः मधल्या व खालच्या मणक्यांवर, विशेषतः पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा यांच्यामधील चकत्यांवर पडतो. झीजही प्रथम तेथेच दिसते.

झिजलेली चकती मागे सरकून मज्जातंतूच्या मुळावर किंवा मज्जारज्जूवर दाब आणते, तेव्हा गळ्याच्या पुढील बाजूने जाऊन ती चकती काढतात आणि तिच्या जागी हाडाचा तुकडा अथवा कृत्रिम पिंजरा बसवून दोन मणके एकमेकांशी सांधतात. ही पद्धती अमेरिकेत १९५५ ते १९५८ या काळात रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी, तसेच स्वतंत्रपणे क्लोवर्ड यांनी रूढ केली. पुढे धातूच्या पट्टीची जोड मिळाली. हाताची कळ शमविण्यात आणि मज्जारज्जूवरील दाब दूर करण्यात या शस्त्रक्रियेचे यश चांगले आहे, हे आपण निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे.

परंतु दोन मणके एक झाले की तेथील हालचाल थांबते. मान मात्र पूर्वीइतकीच वाकवावी लागते. मग राहिलेली हालचाल वरच्या व खालच्या शेजाऱ्याला करावी लागते आणि त्या चकतीतील अंतर्गत दाब वाढतो. एकत्र कुटुंबातील एकाने काम सोडले की त्याचा वाटा शेजारच्याच्या अंगावर पडावा, तसे हे होते.

आकडे काय सांगतात

या विषयावर सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अभ्यास हिलिब्रँड व सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. त्यात ३७४ रुग्णांवरील ४०९ शस्त्रक्रियांचा मागोवा घेण्यात आला. शेजारच्या चकतीमुळे नवी लक्षणे उत्पन्न होण्याचे प्रमाण दरवर्षी सरासरी २.९ टक्के आढळले आणि दहा वर्षांच्या अखेरीस सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे २५.६ टक्के रुग्णांना हा त्रास होईल असा अंदाज निघाला. अशी लक्षणे उद्भवलेल्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक रुग्णांना शस्त्रक्रियाविरहित उपचारांनी पुरेसा आराम मिळाला नाही, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. चित्रात शेजारची चकती झिजलेली दिसणे वेगळे आणि त्या झिजेमुळे रुग्णाला लक्षणे होणे वेगळे. पहिली गोष्ट फार मोठ्या प्रमाणात आढळते, दुसरी त्या मानाने कमी. केवळ अहवाल वाचून रुग्णाला घाबरविणे हे चिकित्सकाचे काम नव्हे.

दोष फ्यूजनचा की वयाचा?

शल्यचिकित्सकांमध्येही हा प्रश्न वादाचा आहे. बोडेन व सहकाऱ्यांनी १९९० साली मानेचा कोणताही त्रास नसलेल्या ६३ व्यक्तींचे एमआरआय पाहिले. चाळिशीच्या आतील सुमारे २५ टक्के, तर चाळिशीपुढील जवळजवळ ६० टक्के व्यक्तींत कोठे ना कोठे चकतीची झीज होती. म्हणजे शस्त्रक्रिया झाली नसती, तरीही त्या चकत्या झिजल्याच असत्या, असे म्हणण्यास जागा आहे. शिवाय १९९९ च्या उपर्युक्त अभ्यासात अनेक मणके जोडलेल्यांना हा त्रास एकच जोडी सांधलेल्यांपेक्षा कमी झाला. केवळ फ्यूजन हेच कारण असते, तर लांब जोडणीनंतर त्रास वाढावयास हवा होता. ज्या चकत्या निसर्गतःच आधी झिजतात, त्या शेजारी उरल्या तर धोका जास्त, असा त्याचा अर्थ लावला गेला.

दुसऱ्या बाजूला, जपानमध्ये फ्यूजन झालेले रुग्ण आणि निरोगी स्वयंसेवक यांची सुमारे दहा वर्षांच्या अंतराने तुलना करण्यात आली, तेव्हा झीज दोन्ही गटांत वाढली, पण फ्यूजन झालेल्यांत ती अधिक दिसली. शस्त्रक्रियेतील तांत्रिक बाबींनाही महत्त्व आहे. धातूच्या पट्टीचे टोक शेजारच्या चकतीपासून ५ मिलीमीटरपेक्षा जवळ असल्यास तेथे हाड वाढण्याची प्रवृत्ती अधिक आढळते.

सारांश, वय आणि वाढलेला भार ही दोन्ही कारणे एकत्र नांदतात. सुश्रुताचार्यांनी सांगितलेली खवैगुण्याची कल्पना येथे उपयोगी पडते. प्रकुपित दोष शरीरभर संचार करतात, पण व्याधी तेथेच प्रकटतो जेथे स्थान आधीच विगुण झालेले असते. वार्धक्याने वाढणारा वात सर्वच संधींत आहे, भाराने विगुण झालेली शेजारची चकती त्याला आश्रय देते. ही समजून घेण्याची एक रीत आहे, तो पुरावा नव्हे, याचेही भान असावे.

हालचाल राखावी म्हणून कृत्रिम चकती बसविण्याचा मार्ग पुढे आला आणि अमेरिकेत २००७ साली मानेच्या अशा पहिल्या चकतीस मान्यता मिळाली. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण काही चाचण्यांत फ्यूजनपेक्षा कमी दिसले आहे, तथापि कृत्रिम चकतीभोवती हाड वाढून हालचाल थांबल्याचीही उदाहरणे आहेत. शेजारच्या चकतीची चिंता तिने पूर्णपणे मिटविलेली नाही.

बोटांची भाषा

निदानासाठी सर्वप्रथम विचारावे : "शस्त्रक्रियेपूर्वी मुंग्या कोणत्या बोटात होत्या आणि आता कोणत्या बोटात आहेत?" पाचव्या-सहाव्या मणक्यांमधील चकती सहाव्या मज्जातंतूला दाबते, तेव्हा बधिरता अंगठ्याकडे जाते. सहाव्या-सातव्यांमधील चकती सातव्या मज्जातंतूला दाबते, तेव्हा ती मधल्या बोटात उतरते आणि कोपर सरळ करण्याची शक्ती घटते. चौथ्या-पाचव्यांमधील चकतीने खांदा व दंडाची बाहेरची बाजू दुखते आणि हात वर उचलणे जड जाते. सातव्या मणक्याखालील चकतीने करंगळी बधिर होऊन मुठीची पकड सैल पडते.

समजा, पाचवा-सहावा मणका जोडलेल्या रुग्णाचा अंगठा तेव्हा बरा झाला आणि सहा वर्षांनी मधले बोट बधिर झाले. हा जुना व्याधी नव्हे, खालचा शेजारी बोलू लागला आहे. उलट अंगठ्याचीच तक्रार परत आली असेल, तर हाडांची जोडणी अपुरी राहिली आहे काय, याची चौकशी शल्यचिकित्सकाकडून करवून घ्यावी. विडी-सिगारेट आणि तंबाखू यांतील निकोटिन हाडांच्या जोडणीत बाधा आणते, म्हणून मिश्रीसह सर्व व्यसनांची विचारणा करावी. प्रमेहजन्य बधिरता, मनगटात चिमटलेला मज्जातंतू आणि अवबाहुकासारखा खांद्याचा विकार यांचा सापेक्षनिदानात विचार झालाच पाहिजे.

थांबू नये अशी चिन्हे

हाताची कळ त्रासदायक असली तरी बहुधा वेळ देते. मज्जारज्जूवरील दाब मात्र वेदनेवाचूनही वाढत जातो, आणि तेथेच वैद्याची कसोटी आहे. शर्टाचे बटण लावता न येणे, सुईत दोरा ओवता न येणे, अक्षर बिघडणे, चालताना तोल जाणे, पायातील चप्पल नकळत निसटणे, मान पुढे वाकविताच पाठीच्या कण्यातून विजेसारखा झटका जाणे, मूत्रवेगावरील ताबा सुटणे, ही चिन्हे विचारून काढावी लागतात. रुग्ण ती वयावर ढकलून मोकळा होतो.

चिकित्सालयात करता येण्याजोगी एक सोपी परीक्षा आहे. रुग्णास मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडण्यास सांगावे आणि १० सेकंद मोजावेत. निरोगी मनुष्य हे २० किंवा अधिक वेळा करतो. संख्या त्याहून स्पष्टपणे कमी असेल, गुडघ्याचे प्रतिक्षेप तीव्र झालेले असतील, तर औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी शल्यचिकित्सकाच्या नावे पत्र लिहावे. हातापायांचे बल वेगाने घटत असल्यास त्याच दिवशी. "आधी एक महिना पंचकर्म करून पाहू" हे वाक्य अशा रुग्णाला त्याच्या बोटांचे कौशल्य कायमचे गमावण्यास भाग पाडू शकते.

चिकित्सा : काय करावे, काय टाळावे

धोक्याची चिन्हे नसतील, तर आयुर्वेदीय चिकित्सेला निश्चित स्थान आहे. मन्यास्तंभाच्या हेतूंत सुश्रुतांनी दिवास्वाप, बसण्या-उभे राहण्याच्या चुकीच्या पद्धती आणि मान वाकडी करून वर पाहणे यांचा निर्देश केला आहे. निदानपरिवर्जन येथूनच सुरू व्हावे. उंच उशी, तासन्‌तास मान खाली घालून मोबाईल पाहणे, डोक्यावरून ओझे वाहणे हे बंद करावे.

स्नेहन-स्वेदन, बस्ती आणि वातशामक औषधी यांची योजना प्रकृती, बल व अग्नी पाहून करावी. परंतु जोडलेल्या मानेसाठी काही दक्षता अनिवार्य आहेत :

१. शस्त्रक्रियेनंतर हाडे जुळल्याचा निर्वाळा मिळेपर्यंत मानेवर अभ्यंग, ताण किंवा कोणतीही हस्तक्रिया करू नये.

२. मानेला झटका देणे, 'मान मोडणे' पूर्णतः वर्ज्य. केशकर्तनालयातील चंपीच्या शेवटी मिळणारा झटकाही रुग्णास नाकारावयास सांगावे.

३. नस्यासाठी शास्त्राने डोके किंचित खाली लोंबते ठेवण्यास सांगितले आहे. अशा रुग्णात मान मागे झुकविल्याने मज्जारज्जूची वाट आणखी अरुंद होते. खांद्याखाली जाड उशी न देता, पलंगाचीच डोक्याकडील बाजू थोडी उतरती करावी. मज्जारज्जूवर दाब असल्याचा संशय असल्यास नस्य देऊ नये.

४. ग्रीवाबस्तीच्या वेळी पालथे झोपवून मान एका बाजूस वळवून ठेवण्याची प्रथा टाळावी. कपाळाखाली आधार देऊन मान सरळ ठेवावी.

५. बधिर त्वचेला उष्णतेचे ज्ञान नसते. पोटली आणि नाडीस्वेद यांची उष्णता वैद्याने स्वतःच्या हातावर पारखावी, रुग्णाच्या सांगण्यावर विसंबू नये.

औषधालयमालकांसाठी

गळ्यातून शस्त्रक्रिया झालेल्यांना काही काळ गिळण्यास त्रास होतो. त्यांना मोठ्या गुग्गुळ वट्या बारीक करून घेण्यास सुचवावे. वटी मागणाऱ्या ग्राहकास, इतर कोणती औषधे चालू आहेत, हे अवश्य विचारावे. गुग्गुळाच्या अर्कामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयरोगावरील औषधांचे शोषण घटते, असे मुंबईतील संशोधकांनी १९९४ साली दाखविले होते.

महायोगराज गुग्गुळासारख्या कल्पात नागभस्म असते. नाग म्हणजे शिसे, आणि शरीरात शिसे साचल्यास मनगट लुळे पडते. ज्या हातातील दुर्बलतेसाठी औषध द्यावयाचे, तेथेच नवी दुर्बलता उत्पन्न होऊन निदानाचा गोंधळ उडावा, हे कोणासही परवडणारे नाही. म्हणून असे कल्प विश्वसनीय निर्मात्याचे, वैद्याच्या चिठ्ठीवर आणि ठरलेल्या मुदतीपुरतेच द्यावेत. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे तेच औषध नेणारा ग्राहक दिसला, तर त्यास पुन्हा वैद्याकडे पाठवावे.

रुग्णाला काय सांगावे

झिजलेली चकती पूर्ववत होईल, असे आश्वासन कोणीही देऊ नये. वेदना व स्तंभ कमी करणे, झोप आणि बल राखणे, स्नायूंना भार पेलण्यास समर्थ करणे आणि पुढील बिघाडावर लक्ष ठेवणे, इतके आपण प्रामाणिकपणे सांगू शकतो. पहिल्या भेटीतच हाताची शक्ती, बोटांची संवेदना आणि १० सेकंदांतील मुठींची संख्या नोंदवून ठेवावी व दर भेटीस ती ताडून पाहावी. रुग्ण "बरे वाटते" म्हणत असताना मुठींची संख्या २२ वरून १५ वर आली असेल, तर विश्वास संख्येवर ठेवावा.

साध्यासाध्यत्वाचा विवेक हे आयुर्वेदाने वैद्यास दिलेले मोठे शस्त्र आहे. या रुग्णांत त्याचा उपयोग म्हणजे, कोणास आपल्याजवळ ठेवावे आणि कोणास वेळीच शल्यचिकित्सकाकडे पाठवावे, याचा निर्णय. असा रुग्ण योग्य वेळी पाठविणे ही माघार नव्हे, तीही चिकित्साच होय.