भात लावणी आणि कंबरदुखी



तळेघर परिसरात भाताची लावणी सुरू झाली, की दिवसभर चिखलात वाकून कंबर धरते. हा त्रास लावणी करणाऱ्या भगिनींना अधिक होतो. मात्र त्यासाठी आठवडाभर अंथरूण धरू नये. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील २०१८ सालच्या लेखमालेनुसार, साध्या कंबरदुखीत सोसेल तेवढे हिंडते-फिरते राहणे हिताचे असते. सरसकट एक्स-रे काढण्याची गरज नसते. लावणी करताना अधूनमधून उभे राहून कंबर सरळ करावी. रोपांचे ओझे थोडे थोडे वाहावे.

परंतु पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास, लावणी उरकण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.