फायटर माशाला ग्लासभर पाणी पुरतं का?

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात गेलात की एखाद्या फळीवर प्लॅस्टिकचे छोटे ग्लास ओळीनं मांडलेले दिसतात. प्रत्येकात एकच मासा. निळा, लाल, कधी पांढराशुभ्र, आणि शेपटी अशी की कुणी शिफॉनची ओढणीच पाण्यात सोडली आहे असं वाटावं. दोन ग्लासांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा असतो, कारण शेजारी दिसला की दोघंही फुगून बसतात. हाच फायटर, म्हणजे बेटा मासा. मुलं हट्ट धरतात, किंमतही परवडते आणि दुकानदार सांगतो, ‘‘याला काही लागत नाही. पंप नको, फिल्टर नको, एवढ्याशा पाण्यात मजेत राहतो.’’

यातलं ‘पंप नको’ एवढंच खरं आहे. पण त्या एका खऱ्या गोष्टीच्या आधारावर बाकीचं सगळं खपून जातं.

या माशाचं माहेर थायलंडमध्ये आहे. तिथल्या मधल्या सपाट प्रदेशात, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात, भातखाचरं, दलदली आणि संथ कालवे हे त्याचं घर. पाणी उथळ, कोमट आणि गवतानं, पाणवनस्पतींनी गच्च भरलेलं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात तळाशी कुजणारा पालापाचोळा उरलासुरला प्राणवायूही वापरून टाकतो. नुसत्या कल्ल्यांवर भागवणाऱ्या माशाची अशा जागी दमछाकच व्हायची.

बेटानं यावर एक छान उपाय शोधलेला आहे. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, एक वेगळा अवयव असतो. त्याला ‘लॅबिरिंथ’ म्हणतात, म्हणजे भुलभुलैया, कारण तो पातळ पदरांच्या घड्या घालून बनलेला असतो आणि त्या पदरांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मासा पृष्ठभागावर येतो, तोंडानं हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू थेट रक्तात मिसळतो. ही नुसती जादाची सोय नाही, त्याची गरज आहे. पृष्ठभागापर्यंत येऊच दिलं नाही, तर पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मोठा बेटा गुदमरून मरू शकतो. मासा आणि बुडून मेला, ऐकायला विचित्र वाटतं ना? अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांत मात्र हा अवयव नसतो. तो पुढच्या काही आठवड्यांत तयार होतो.

हवेतून श्वास घेणारे मासे आपल्याकडेही आहेत. बाजारात मरळ मासा थोड्याशा पाण्यात बराच वेळ जिवंत राहिलेला तुम्ही पाहिला असेल. पण म्हणून मरळ घमेल्यात सुखानं नांदते, असं आपण म्हणत नाही. बेटाच्या बाबतीत मात्र नेमकं तेच म्हणतो.

भातखाचरातलं पाणी उथळ असतं, पण ते दूरवर पसरलेलं असतं. प्रत्येक नर त्यातला एक तुकडा आपला मानून राखतो. त्यात तो फिरतो, डासांच्या अळ्या आणि बारीक किडे टिपतो. त्याचं तोंड थोडं वरच्या दिशेला वळलेलं असतं ते त्यासाठीच. लॅबिरिंथनं त्याची प्राणवायूची अडचण सोडवली, जागेची आणि स्वच्छतेची नाही.

ग्लासात खरा घात होतो तो इथे. मासे श्वासाबरोबर आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. मोठ्या, स्थिरावलेल्या टाकीत काही जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ग्लासभर पाण्यात ना त्या जिवाणूंना जागा, ना अमोनिया पातळ करायला पुरेसं पाणी. शिवाय अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पाणी नितळ असलं तरी ते माशाचे कल्ले आणि कातडी जाळत असतं. हवा तो वरून घेऊ शकतो, पण राहायचं त्याच पाण्यात.

दुसरा त्रास थंडीचा. बेटाला साधारण 24 ते 28 अंश सेल्सिअस तापमान मानवतं. दिल्ली, इंदूर किंवा नागपूरच्या डिसेंबरमध्ये खिडकीजवळच्या बाउलमधलं पाणी यापेक्षा बरंच खाली जातं. मग मासा तळाशी पडून राहतो, खात नाही आणि घरचे म्हणतात, ‘‘शांत झालाय हल्ली.’’ नीट काळजी घेतली तर हा मासा दोन ते चार वर्षं जगतो. किती घरांत तो तेवढा जगलेला पाहिलाय तुम्ही?

आता त्याच्या भांडणाबद्दल. थाई भाषेत त्याला ‘प्ला कात’ म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. माणसांनी त्याला आधी पाळलं ते झुंजींसाठीच. जनुकांच्या अभ्यासावरून दिसतं की हा मासा किमान हजार वर्षांपासून माणसाच्या सोबतीनं आहे. 1910 मध्ये चार्ल्स टेट रीगन यांनी त्याला ‘बेटा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव दिलं. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. गंमत म्हणजे रानटी बेटा फारसा झळाळत नाही. तपकिरी-हिरवट अंग, आखूड पर आणि चिडला की तेवढी चमक. लांब झुलती शेपटी ही माणसाची हौस आहे आणि ती ओढत पोहताना मासा थकतो. निसर्गात हरलेला नर गवतात पळून जाऊ शकतो, टाकीत पळायला जागाच नसते. म्हणून एका टाकीत दोन नर कधीच ठेवू नका. गंमत म्हणून आरसा दाखवायचा प्रकारही मला अजिबात पटत नाही. समोर शत्रू आहे असं त्याला खरंच वाटतं.

थायलंडनं 2019 मध्ये याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. तरी रानटी बेटाची स्थिती बरी नाही. दलदली बुजवल्या जात आहेत, शेतीची औषधं पाण्यात उतरत आहेत आणि सुटलेल्या पाळीव माशांशी त्याचा संकर होतो आहे. तुमच्याकडचा मासा नकोसा झाला तरी तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका, असं सांगण्यामागे हेही एक कारण आहे.

तर घरी आणायचाच असेल तर काय करायचं? किमान 15-20 लिटरची टाकी, हळू चालणारा स्पंज फिल्टर, थंड गावात छोटा हीटर आणि वर झाकण, कारण हा मासा उड्या मारतो. झाकण आणि पाणी यांच्यात हवेसाठी थोडी जागा सोडा. पाणी एकदम सगळं बदलू नका, आठवड्याला पाव हिस्सा पुरे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचे थेंब दुकानात मिळतात. शाळेच्या आवारात आडव्या फांद्यांचं देशी बदामाचं झाड असेल, तर त्याचं गळून पडलेलं, नीट वाळलेलं पान धुऊन टाकीत टाका. पाणी चहासारखं फिकट तपकिरी होईल. घाबरू नका, त्याच्या मूळ घरातलं पाणीही पालापाचोळ्यानं असंच रंगतं.

आणि एखाद्या सकाळी टाकीच्या कोपऱ्यात पृष्ठभागावर फेसाचा पुंजका दिसला, तर पाणी खराब झालं असं समजून तो काढून टाकू नका. ते नरानं बांधलेलं घरटं आहे. तोंडातल्या चिकट स्रावात हवा भरून तो एकेक बुडबुडा रचतो. मादीनं अंडी घातली की ती तोंडानं उचलून त्या फेसात ठेवतो आणि मग मादीलाही जवळ फिरकू देत नाही. एखादं अंडं खाली घसरलं, तर ते पुन्हा वर नेऊन ठेवतो. एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना नीट पोहता येईपर्यंत पहारा त्याचाच. मादी नसली तरी तो घरटं बांधतोच. त्या आठवड्यात पाणी बदलाल तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यातून बदला.