हौसेचा ताळेबंद

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. बँकेच्या कर्जविभागात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला ही म्हण पटणे कठीण. हौसेला मोल असते आणि ते एकदाच देऊन भागत नाही, दरमहा द्यावे लागते. दारी हत्ती बांधायला निघालेल्या माणसाला हत्तीची किंमत ठाऊक असते, त्याला रोज लागणाऱ्या उसाची नसते. जुनी, पण दमदार आणि चपळ मोटार घेऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांचे नेमके हेच होते.

असे तरुण सातारा-सांगलीकडे पुष्कळ आहेत. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, आणि झेपला तरी त्या पैशात मिळणारी नवी गाडी घाटात धापा टाकते. उलट एखाद्या चांगल्या नव्या मोटारसायकलीच्या किमतीत पंधरा-वीस वर्षांपूर्वीची अशी मोटार मिळते, की जी त्या काळी डॉक्टर नाहीतर कारखान्याचे संचालकच घेत. मोह पडणारच. शिवाय यंत्राचे वेड या मातीतलेच. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली, साताऱ्यात कूपरांचा इंजिनांचा कारखाना निघाला, आणि पुढे साताऱ्याच्याच औद्योगिक वसाहतीत महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ तयार होऊ लागली. इथल्या मिस्त्रीला इंजिन उघडायची भीती वाटत नाही, आणि गिऱ्हाइकालाही ते उघडे पडलेले पाहण्याची सवय असते.

साताऱ्यात नोकरीला असलेला माझा एक भाचा मध्यंतरी असाच सल्ला मागायला आला. म्हणाला, “मामा, अॅव्हरेज किती ते विचारू नका. यवतेश्वरचा घाट ती तिसऱ्या गिअरमध्ये चढते का, ते विचारा.” मी म्हटले, “चढेल रे. पण कासहून परत उतरताना ब्रेक लागतील ना?” तो हसला. हसण्यावारी न्यायची ही गोष्ट मात्र नव्हे. या लेखाचे निम्मे सार त्या प्रश्नात आहे.

प्रथम चपळ गाडी कशाला म्हणायचे, ते ठरवू. रुंद टायर, मागे पंख आणि फाटका आवाज करणारा सायलेन्सर म्हणजे चपळाई नव्हे. वजनाच्या मानाने ताकद किती, हा खरा हिशेब. हिंदुस्थान मोटर्सची ‘कॉन्टेसा’ १९८४ मध्ये आली, तेव्हा तिचा रुबाब कोणाच्याही डोळ्यांत भरावा असा होता. पण बोनेटखाली अॅम्बॅसॅडरचे सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन. पुढे इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन बसले, तेव्हा कुठे तिला धाव आली. याउलट २००५ मध्ये आलेली पहिली ‘स्विफ्ट’. वजन टनाच्या आसपास, इंजिन १२९८ सीसीचे, ताकद ८७ अश्वशक्ती. दिसायला साधी घरगुती गाडी, पण पसरणीच्या घाटात वळणामागून वळण घेताना तिच्यातले पाणी कळते.

या वर्गात आपल्या बाजारात फिरणारी नावे मोजकीच आहेत. मारुतीची ‘एस्टीम’ आणि ही पहिली पेट्रोल स्विफ्ट. होंडाची पहिली ‘सिटी’, त्यातही १४९३ सीसीची व्हीटेक, शंभराच्या वर अश्वशक्तीची. १९९९ मध्ये आलेली फोर्डची ‘आयकॉन’, तिचे १६०० सीसीचे इंजिन. २००१ मध्ये आलेली फियाटची ‘पालिओ’, तिच्यातली १६०० सीसीची, १०० अश्वशक्तीची. अलीकडच्या पिढीत फियाटची ‘लिनिया टी-जेट’ आणि २०१३ पासूनची फोक्सवॅगनची ‘पोलो जीटी टीएसआय’. शेवटच्या दोन टर्बोच्या. एक रांजणगावला तयार झाली, दुसरी चाकणला, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात.

यातली कोणती घ्यावी? इथे लोक अॅव्हरेजवर घसरतात. जरा आकडेमोड करून पाहू. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणे आहे आणि पेट्रोल हिशेबापुरते १०५ रुपये लिटर धरले, तर लिटरला १६ किलोमीटर देणाऱ्या गाडीला ५० लिटर म्हणजे ५,२५० रुपये लागतात. १२ देणारीला सुमारे ६७ लिटर, म्हणजे ७ हजार. फरक महिन्याला १,७५० रुपयांचा, वर्षाला २१ हजारांचा. रक्कम लहान नाही, पण ती आधी कळते आणि पगारातून सावकाश जाते. माणूस तिने बुडत नाही. बुडतो तो न मिळणाऱ्या सुट्या भागापायी. एका सेन्सरसाठी किंवा स्टिअरिंगच्या रॅकसाठी गाडी दोन-दोन महिने गॅरेजच्या दारात उभी राहते, तेव्हा बँकेच्या भाषेत तिचे थकीत कर्ज झालेले असते: पैसा अडकलेला, उत्पन्न शून्य आणि वर पार्किंगची कटकट.

म्हणून जुनी गाडी निवडताना आपण खरे तर तिच्या मागची दुकाने निवडत असतो. मारुतीचे १३०० सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले. एस्टीममध्ये तेच, जिप्सीत तेच, पहिल्या स्विफ्टमध्येही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. त्यामुळे कराडपासून मिरजेपर्यंत त्याला हात लावणारा मिस्त्री सापडतो आणि बरेचसे सामान दुकानात मिळते. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. फियाटचे नाव त्याआधीच, २०१९ मध्ये, इथल्या बाजारातून गेले. गाड्या वाईट नव्हत्या. आयकॉनच्या इंजिनाला रबरी पट्ट्याऐवजी टायमिंग चेन आहे, हा मोठाच गुण. पालिओचा दणकटपणा तर तिचे दरवाजे लावताना येणाऱ्या आवाजातच कळतो. पण वारस नसलेल्या इस्टेटीसारखी त्यांची गत आहे; सांभाळणारा माणूस खात्रीचा असेल तरच हात घालावा. फोक्सवॅगन अजून आहे, पण पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये संपले. टीएसआयच्या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे काम निघाले, तर ते कोपऱ्यावरच्या गॅरेजचे नव्हे.

विम्याचा एक बारकावा फार थोड्यांच्या लक्षात येतो. सक्तीच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीवर नव्हे, इंजिनाच्या आकारावर ठरतो. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये, कर वेगळा. म्हणजे १४९३ सीसीची सिटी अलीकडच्या काठावर राहते, १६०० सीसीची पालिओ आणि आयकॉन पलीकडे जातात. शंभर सीसींच्या फरकाला दरवर्षी साडेचार हजार.

दुसरा खर्च नोंदणीचा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण, आणि आपल्या राज्यात त्याबरोबर पर्यावरण कर. हे नूतनीकरण एप्रिल २०२२ पर्यंत ६०० रुपयांत होत असे, त्यानंतर ५ हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ही रक्कम १० हजार करण्यात आली. १३०० सीसीची पेट्रोल स्विफ्ट २०१० मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्यातली सर्वांत धाकटी गाडीही आता पंधरा वर्षांची झाली आहे. गाडी पाहायला जाल तेव्हा रंगाच्या आधी नोंदणीची मुदत पाहा. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. तो नियम आपल्याकडचा नव्हे. पण तिथला ना-हरकत दाखला, इथला कर आणि इथले नवे पासिंग यांचा खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी विरते. सांगली-मिरजेत कर्नाटक पासिंगच्या गाड्या सर्रास दिसतात. त्यांनाही बारा महिन्यांपेक्षा अधिक इथे ठेवायचे तर इथला नंबर घ्यावा लागतो.

आता सांगलीकरांसाठी एक खास कलम. कृष्णेचा पूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याआधी २००५ चा आणि नंतर २०२१ चा पूर आहेच. पेठांमध्ये, वसाहतींमध्ये, तळघरांत उभ्या असलेल्या किती गाड्या दिवसेंदिवस त्या पाण्यात राहिल्या असतील! त्यातल्या पुष्कळ धुऊन-पुसून, नवे सीटकव्हर घालून पुन्हा बाजारात आल्या, आणि पूर न पाहिलेल्या गावांत विकल्या गेल्या. अशी गाडी चालू होते, पळतेही. मग वर्ष-दोन वर्षांनी वायरिंगच्या जोडांत गंज चढतो आणि ती कधी काचा खाली घेत नाही, कधी भर घाटात बंद पडते. तिला ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजलेले आहेत का पाहावे. गालिचा उचलावा, डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात बोट फिरवावे. कृष्णाकाठचा गाळ कुठे ना कुठे साक्ष देतोच. आत अत्तराचा घमघमाट असेल, तर अधिकच सावध व्हावे.

इंधनाचाही एक फेरा आपल्याच शेतातून फिरून येतो. उसाच्या मळीपासून आणि रसापासून झालेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये देशाने ते उद्दिष्ट गाठले. कारखान्याला ऊस घालणाऱ्याच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी. त्याच्याच दारातल्या वीस वर्षांच्या गाडीला मात्र ती सोसवेलच असे नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या मानाने साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या गाड्यांचे अॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते. रविवारपुरती बाहेर काढायची गाडी आठवडाभर अर्ध्या टाकीने उभी ठेवू नये. गाडी घेतल्यावर इंधनाच्या नळ्या नव्या प्रतीच्या घालून घ्याव्यात, खर्च फार नाही. पेट्रोलचा थेंब तापल्या इंजिनावर गळत राहणे मात्र फार महागात पडते.

कागदपत्रांच्या बाबतीत निवृत्त अधिकाऱ्याचा हट्ट वाचकांनी सहन करावा. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा असेल, तर “कर्ज कधीच फिटलंय हो” हे तोंडी सांगणे कवडीमोलाचे. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन कागद कपाटात ठेवण्याची आपल्याकडची रीत तर फारच घातक, विशेषतः विकणाऱ्याला. गाडी विकून हातोहात पुढे गेली, पण नोंद बदलली नाही, आणि मधल्या काळात अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या मालकावरच, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. घेणाऱ्यानेही चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. आणि आधीच्या हौशी मालकाने स्प्रिंगा कापून गाडी बसकी केली असेल, किंवा इंजिन बदलले असेल, तर दूरच राहावे. मूळ रचनेला सोडून बदल करता येणार नाहीत, असा निकाल जानेवारी २०१९ मध्ये लागला आहे. नूतनीकरणाच्या तपासणीत अशी गाडी अडते.

राहिला भाच्याला विचारलेला ब्रेकचा प्रश्न. चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ मध्ये. चाके अडकू न देणारी एबीएस ब्रेकची यंत्रणाही त्याच वर्षी. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत यातले काहीच नाही. तेव्हा शंभर अश्वशक्ती हाती घेणाऱ्याने पहिला पैसा थांबण्यावर खर्च करावा: ब्रेकचे पॅड, नळ्या, ऑइल, शॉकअप आणि चार नवे टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांचा टायर हे वाळलेले रबर आहे. रबरी टायमिंग पट्टा कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरावे.

माझा ठोकताळा असा आहे. हातात तीन रुपये असतील, तर दोन रुपयांची गाडी पाहावी आणि तिसरा पहिल्या वर्षासाठी राखून ठेवावा. इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा कर्ज देत नाहीत. म्हणजे जाणारा पैसा हा साठवलेला पैसा असतो, पुष्कळदा घराच्या दुरुस्तीसाठी नाहीतर बहिणीच्या लग्नासाठी बाजूला काढलेला. त्यावर हौस करायची तर साताऱ्या-सांगलीत मी पहिल्या स्विफ्टचे किंवा चांगल्या एस्टीमचे नाव आधी घेईन. खात्रीचा मिस्त्री असेल तर सिटी व्हीटेक. घरात दुसरी भरवशाची गाडी असेल, तरच पालिओ किंवा आयकॉन.

या व्यवहारात एक गोष्ट घेणाऱ्याच्या बाजूची आहे. घसारा पहिल्या मालकाने आधीच भोगलेला असतो. नीट ठेवलेली गाडी चार वर्षांनी विकली, तर घेतल्या किमतीत फार तूट येत नाही. जाते ते फक्त देखभालीचे. ती रक्कम महिन्याच्या महिन्याला मोजता आली आणि मोजूनही झोप लागली, तर गाडी घ्यावी. मग पहाटे मेढ्याच्या वाटेने महाबळेश्वर गाठावे, केळघरच्या वळणावर गिअर खाली घेऊन इंजिनाचा आवाज ऐकावा, आणि उतरताना घाई करू नये.