मूल अचानक घाबरून बिलगते, तेव्हा

तीन-चार वर्षांचे मूल खेळता खेळता थबकते, पांढरेफटक पडते आणि आईच्या पायांना घट्ट मिठी मारते. उभे केले तर झोकांड्या खाते. कधी घाम फुटतो, एखादी उलटी होते. काही मिनिटांत सारे ओसरते आणि मूल पुन्हा खेळायला पळते. तोवर घरात कोणी दृष्ट काढलेली असते, कोणी ‘फिट आली’ म्हणून कांदा हुंगवलेला असतो.

असे वारंवार घडत असेल, तर ती लहान वयातली निरुपद्रवी भोवळ असू शकते. १९६४ साली बॅसर या डॉक्टरांनी तिचे वर्णन केले. एवढ्या लहान मुलाला ‘चक्कर’ हा शब्दच ठाऊक नसतो. ते ‘घर फिरतंय’ म्हणते किंवा नुसतेच भेदरते. या भोवळीचे नाते कानापेक्षा अर्धशिशीशी जवळचे. बऱ्याचदा आईला किंवा आजीला अर्धशिशी असते आणि यातल्या काही मुलांनाही ती पुढे होते. भोवळ मात्र बहुधा शाळेच्या वयात आपोआप थांबते.

घोटाळा होतो तो फिटशी. बहुतेक फिट्समध्ये मूल हाकेला ओ देत नाही आणि नंतर गुंगीत जाते. भोवळीत ते पूर्ण शुद्धीवर असते. हा फरक निसटला तर फिटच्या गोळ्या विनाकारण वर्षानुवर्षे पोटात जातात. डॉक्टरांपुढे येईपर्यंत मूल ठणठणीत झालेले असते, म्हणून पालकांनी मोबाइलवर चित्रण करावे: हाक मारलेली ऐकू यावी, डोळे स्पष्ट दिसावेत. भोवळीत बुबुळे झरझर हलताना दिसू शकतात.

पहिल्याच वेळी हे निदान करता येत नाही. निदान पाच वेळा तरी असे घडलेले असावे आणि एरवी मुलाची चाल, ऐकणे, तपासणी सारे व्यवस्थित असावे. शुद्ध हरपली, सकाळी डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, मूल एरवीही तोल जाऊन चालू लागले, ऐकू कमी येऊ लागले, कान वाहू लागला किंवा डोक्याला मार लागला असेल, तर थांबू नये. लगेच दवाखाना गाठावा.

औषध सहसा लागत नाही. गोळीचा गुण येईपर्यंत भोवळ संपलेलीही असते. त्या वेळी मुलाला जमिनीवर बसवून किंवा आडवे करून जवळ धरावे. जिना, गच्ची, पाण्याची टाकी यांच्याजवळ मात्र अशा मुलाला एकटे सोडू नये.