‘ट्रॅक्शन कंट्रोल’ : चालू की बंद?

सोलापूर - मे महिन्याच्या अखेरीस वळवाची पहिली सर कोसळते आणि दिवसभर तापलेल्या डांबरी रस्त्यावरून वाफ उठू लागते. कित्येक महिने साचलेली धूळ, वाहनांतून ठिबकलेले तेल आणि टायरच्या झिजेची भुकटी यांवर पाणी पडले, की रस्त्यावर साबणासारखा निसरडा थर तयार होतो. दुचाकीस्वारांना तो चांगलाच परिचयाचा आहे. अशा वेळी सिग्नल हिरवा होताच एखाद्या ताकदवान मोटारीच्या चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला, तर मोटार पुढे झेपावण्याऐवजी तिची मागील चाके जागच्या जागी फिरू लागतात. त्याच क्षणी डॅशबोर्डवर, मागे नागमोडी रेषा सोडणाऱ्या मोटारीचे छोटेसे पिवळे चिन्ह लुकलुकते आणि इंजिनाचा आवाज आपोआप खाली येतो. चालकाच्या पायाने केलेली चूक यंत्राने सावरलेली असते. या यंत्रणेचे नाव ‘ट्रॅक्शन कंट्रोल’.

हेच चिन्ह आणि त्याखाली ‘ऑफ’ असा शब्द असलेले एक बटणही अनेक मोटारींत असते. पूर्वी ते महागड्या स्पोर्ट्‌स कारपुरते मर्यादित होते; आता मध्यम किमतीच्या मोटारींतही दिसते. या बटणाविषयी दोन समज पसरलेले आहेत. ‘खरा चालक यंत्रणा बंद करूनच गाडी चालवतो’, हा पहिला. तर ‘यंत्रणा चालू असली, की गाडी घसरतच नाही’, हा दुसरा. पहिला समज जितका घातक, तितकाच दुसराही. ही यंत्रणा नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे कळले तर बटणाचा निर्णय सोपा होतो.

यंत्रणा काय करते?

ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ नयेत, यासाठी मोटारीत ‘एबीएस’ असते. भारतात नव्या मॉडेलच्या मोटारींना एप्रिल २०१८ पासून, तर सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचे झाले. एबीएससाठी प्रत्येक चाकाजवळ त्याच्या फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. ट्रॅक्शन कंट्रोल हे याच सेन्सरचा आधार घेते. एबीएस ब्रेक लावताना काम करते, ट्रॅक्शन कंट्रोल वेग घेताना.

इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते, ती चाके इतर चाकांपेक्षा फार वेगाने फिरू लागली, याचा अर्थ ती रस्त्यावरची पकड सोडून घसरत आहेत. हे लक्षात येताच संगणक दोन उपाय योजतो. एक, थ्रॉटल, इंधन किंवा स्पार्कची वेळ बदलून इंजिनाची ताकद कमी करतो. दुसरा, घसरणाऱ्या चाकाला हलकासा ब्रेक लावतो. हे सारे निमिषार्धात घडते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. चालकाला धोका कळून पाय हलेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो.

थोडीशी घसरण मात्र टायरला हवीच असते. कोरड्या डांबरावर चाकाचा वेग मोटारीच्या वेगापेक्षा साधारण १० ते २० टक्के अधिक असताना टायर पुढे रेटण्यासाठी सर्वाधिक पकड देतो. त्यापलीकडे गेल्यास पकड कमी होते. चाक या मर्यादेत ठेवणे, एवढेच ट्रॅक्शन कंट्रोलचे काम आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९७१ मध्येच ‘मॅक्सट्रॅक’ या नावाने अशी यंत्रणा देऊ केली होती. मात्र, १९८० च्या दशकात एबीएसचा प्रसार झाल्यानंतर तिला खऱ्या अर्थाने बळ मिळाले.

स्पोर्ट्‌स कारचे वेगळेपण

साध्या हॅचबॅक मोटारीचे इंजिन ८० ते ९० अश्वशक्तीचे असते आणि ती ताकद पुढील चाकांना मिळते. भारतात २०१६ मध्ये दाखल झालेल्या फोर्ड मस्टँगचे ५ लिटरचे व्ही-८ इंजिन जवळपास ४०० अश्वशक्तीचे होते आणि ती सारी ताकद मागील चाकांकडे जात होती. फरक केवळ आकड्यांचा नाही. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. त्याची पकड म्हणजे हातातल्या शंभर रुपयांसारखी आहे. वळणावर मोटार वळवण्यासाठी त्यातील ऐंशी रुपये आधीच खर्च झाले असतील, तर वेग घेण्यासाठी फारसे शिल्लक राहत नाही. तरीही ॲक्सिलरेटर दाबला, तर टायर दोन्ही कामे सोडून देतो.

पुढील चाके ओढणारी मोटार अशा वेळी वळणाबाहेर सरळ जाऊ लागते. मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊन ती गर्रकन फिरू शकते. घाबरून ॲक्सिलरेटरवरील पाय एकदम उचलला, तर वजन पुढे झुकते, मागील चाके हलकी होतात आणि मोटार आणखी फिरते. सरावलेला चालक स्टिअरिंग उलट दिशेने योग्य तेवढेच फिरवून ती सावरतो. पण हे कौशल्य गर्दीच्या रस्त्यावर शिकण्याचे नव्हे.

एक बटण, दोन यंत्रणा

येथे एक घोटाळा होतो. ट्रॅक्शन कंट्रोल आणि ‘ईएससी’ म्हणजेच इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली यंत्रणा केवळ चाकांचे घसरणे पाहते. दुसरी यंत्रणा चालकाने स्टिअरिंग कोणत्या दिशेला वळवले आणि मोटार प्रत्यक्षात कोणत्या दिशेला फिरत आहे, यांची तुलना करते. दोहोंत तफावत आढळली, तर ती एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून मोटार मार्गावर आणते.

बॉश कंपनीच्या सहकार्याने मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये ही यंत्रणा बाजारात आणली, तेव्हा ती श्रीमंतांची चैन मानली गेली. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये स्वीडनमधील एका चाचणीत अचानक समोर आलेला अडथळा चुकवताना मर्सिडीजचीच छोटी ‘ए-क्लास’ मोटार उलटली. त्यानंतर कंपनीने सर्व ए-क्लास मोटारींना ही यंत्रणा बसवली आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून, तर युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून ती सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनसीएपी’ या सुरक्षा मूल्यांकनात तीन किंवा अधिक तारे मिळवायचे असतील, तर मोटारीत ईएससी असणे आवश्यक आहे.

अनेक मोटारींत बटण एकदा दाबल्यास केवळ ट्रॅक्शन कंट्रोल बंद होते. तेच काही सेकंद दाबून धरल्यास ईएससीही बंद किंवा शिथिल होते. काही मोटारींत ठरावीक वेगानंतर यंत्रणा आपोआप पुन्हा सुरू होते, काहींत होत नाही. म्हणून मोटारीसोबतची पुस्तिका वाचल्याशिवाय या बटणाला हात न लावणे शहाणपणाचे ठरते.

शर्यतीचा धडा

‘शर्यतीत ट्रॅक्शन कंट्रोल वापरत नाहीत’, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ च्या हंगामापासून या यंत्रणेवर बंदी आली, ती यंत्रणा कुचकामी होती म्हणून नव्हे. चालकाचे कौशल्य झाकले जाते म्हणून. संघ छुप्या पद्धतीने तिचा वापर करतात की काय, हे तपासणे कठीण झाल्याने २००१ च्या स्पॅनिश ग्रांप्रीपासून ती पुन्हा वैध ठरली. पुढे २००८ मध्ये सर्व संघांना एकच प्रमाणित संगणक देण्यात आला आणि ती कायमची हद्दपार झाली. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून उतरला, तेव्हा यंत्रणा वैध होती. ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी झालेल्या पहिल्या इंडियन ग्रांप्रीत तो धावला, तेव्हा सर्वच मोटारी तिच्याविना होत्या.

शर्यतीच्या ट्रॅकवर समोरून वाहन येत नाही. घसरलेल्या मोटारीसाठी मोकळी जागा, अडथळे आणि बचाव पथक तयार असते. रस्त्याचा पृष्ठभागही सर्वत्र सारखा असतो. अशा ठिकाणी यंत्रणा बंद करून मोटारीचा स्वभाव समजून घेणे योग्यच आहे. जुन्या मोटारींतील यंत्रणा ताकद उशिरा आणि एकदम तोडत असे. त्यामुळे निष्णात चालकाला ट्रॅकवर तिची अडचणच व्हायची. आता उत्पादकांनी मधला मार्ग काढला आहे. फेरारीने २००४ मध्ये एफ-४३० या मोटारीच्या स्टिअरिंगवर ‘मानेत्तिनो’ नावाची कळ दिली. निसरड्या रस्त्यापासून शर्यतीपर्यंत, यंत्रणेने किती घसरण चालू द्यायची, हे ती कळ फिरवून निवडता येते. आजच्या अनेक स्पोर्ट्‌स कारमधील ‘स्पोर्ट’ अवस्था हे त्याच कल्पनेचे रूप आहे. हौशी चालकासाठी ट्रॅकवरही पूर्ण ‘बंद’पेक्षा ही अवस्था बरी.

काळी माती आणि ‘ऑफ’चा खरा उपयोग

सोलापूर जिल्ह्यातील रस्ते ऋतूप्रमाणे रूप बदलतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि शिंतोडे पडताच तिचे लोण्यासारखे लिंपण होते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांतून पडलेले वाढे आणि पाचट रस्त्यावर चिरडले जाते. पुणे-हैदराबाद महामार्गावर सुसाट निघालेली मोटार अशा ठिगळावर येते, तेव्हा तिची दोन चाके कोरड्या डांबरावर आणि दोन चिखलावर असतात. तुळजापूर घाटाच्या ओल्या वळणावर तर चुकीला वावच नसतो. रस्ता पुढच्या शंभर मीटरवर कसा असेल, हे चालकाला ठाऊक नसते. म्हणूनच सार्वजनिक रस्त्यावर यंत्रणा चालूच असली पाहिजे.

मग उत्पादकांनी ‘ऑफ’चे बटण दिले कशासाठी? त्याचे उत्तरही याच काळ्या मातीत आहे. शेतरस्त्यावर मोटार चिखलात रुतली, की चाके फिरू लागतात. यंत्रणा ते पाहून इंजिनाची ताकद कापते आणि ॲक्सिलरेटर दाबूनही मोटार ढिम्म हलत नाही. येथे चाक थोडे फिरणेच उपयोगाचे असते. त्यामुळे टायरच्या खाचांतील चिखल बाहेर फेकला जातो. अशा वेळी यंत्रणा बंद करून, दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायाने मोटार पुढे-मागे हलवत बाहेर काढता येते. वाळूतही हाच उपाय लागू पडतो. मात्र, एकच चाक फिरत असेल, तर आधी यंत्रणा चालू ठेवून प्रयत्न करावा. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. मोटार बाहेर निघताच बटण पुन्हा चालू करावे आणि टायरमधील माती झडेपर्यंत वेग कमी ठेवावा.

यंत्राची मर्यादा

ट्रॅक्शन कंट्रोल पकड निर्माण करत नाही. असलेली पकड जपते. टायर गुळगुळीत झाला असेल, रबर जुने होऊन कडक झाले असेल, किंवा साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागला असेल, तर संगणकाजवळ वाटण्यासाठी काहीच उरत नाही. हॉलिवूड अभिनेता पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्श कॅरेरा जीटी मोटारीच्या अपघातात मरण पावला. तो चालकाशेजारी बसला होता. त्या मॉडेलमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल होते, ईएससी नव्हते. ताशी सुमारे ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मोटारीचा वेग ताशी १२९ ते १५० किलोमीटरच्या दरम्यान होता आणि टायर नऊ वर्षे जुने होते, असे तपासात आढळले.

पुण्यातील कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्श टायकन मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोघा तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. या श्रेणीच्या मोटारीत आधुनिक सुरक्षा यंत्रणांची कमतरता नसते. परंतु, गर्दीच्या शहरात किती वेगाने जायचे, हा निर्णय कोणतीही यंत्रणा घेत नाही. पिवळा दिवा चाक घसरल्यावर लागतो. चालकाचा विवेक घसरल्यावर लागणारा दिवा अद्याप निघालेला नाही.

लक्षात ठेवावे असे

- शहरात, महामार्गावर, घाटात आणि पावसात यंत्रणा चालू ठेवावी.
- चिखल किंवा वाळूत मोटार रुतल्यासच, कमी वेगात ती बंद करावी. बाहेर पडताच चालू करावी.
- दिवा लुकलुकल्यास यंत्रणा काम करत आहे, म्हणजेच रस्ता निसरडा आहे, असे समजून पाय सैल करावा. दिवा सतत लागून राहिल्यास यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे, असे समजून तपासणी करावी.
- टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास टायर बदलावा. टायरच्या बाजूवरील चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात, तेही पाहावेत.
- यंत्रणा बंद करून मोटार चालवण्याची हौस असेल, तर ती प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली बंदिस्त ट्रॅकवरच भागवावी.

अमेरिकेतील नियमानुसार स्थैर्य राखणारी ही यंत्रणा चालकाने बंद केली असली, तरी मोटार पुन्हा सुरू करताना ती आपोआप चालू झाली पाहिजे. बहुतेक उत्पादकांनी हीच पद्धत स्वीकारली आहे. ‘चालू की बंद’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनी प्रत्येक प्रवासाच्या आरंभी असे देऊन ठेवले आहे. ‘बंद’ हा अपवाद आहे आणि तो अपवाद म्हणूनच वापरायचा आहे.